माडग्याळ क्रॉसची कोकरं, मक्याचा भरडा आणि मुतखडा: मिनरलचं गणित नेमकं कुठं बिघडतं

सांगोल्याकडच्या एका भावाने विचारलंय, की दख्खनी मेंढ्यांवर माडग्याळ मेंढा सोडून झालेली 40 कोकरं शेडमध्ये बांधून खुराकावर धरलीत, मका भरडा, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा आणि कडबा चालू आहे, गाईचं मिनरल मिक्स्चर पण सढळ हाताने देतोय, तरी दोन नर लघवी तुंबून गेले आणि बाकीच्यांचं वजन पहिल्या महिन्यासारखं वाढत नाही, तर कुठलं मिनरल कमी पडतंय, आणि पुढच्या वेताला डॉर्पर ह्या परदेशी जातीचा क्रॉस घेतला तर हा त्रास जाईल का.

भाऊ, तुमच्या कोकरांना मिनरल कमी पडत नाहीये, एक मिनरल जास्त झालंय आणि त्याच्या मानाने दुसरं फार थोडं आहे. फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. आणि जात बदलून हे जाणार नाही, जास्त वाढणारी जात आणली तर हाच त्रास अजून लवकर आणि अजून जोरात दिसेल. सोलापूर जिल्ह्यात मेंढ्यांचं रेशन बसवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, आणि शेडमध्ये धरलेल्या नर कोकरांचं जे नुकसान होतं त्यातलं लई मोठं नुकसान ह्याच दोन मिनरलच्या उलट्या प्रमाणामुळं होतंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचंच रेशन मांडून बघू. समजा 100 किलो खुराकात मका 55, सरकी पेंड 20, गव्हाचा कोंडा 25. मक्यात फॉस्फरस साधारण 0.3 टक्के, कॅल्शियम नावापुरतं, 0.03 टक्के. सरकी पेंडीत फॉस्फरस 0.7 च्या आसपास, कॅल्शियम 0.2. आणि कोंडा, ज्याला आपण हलका, पचायला चांगला म्हणून बिनधास्त घालतो, त्यात फॉस्फरस 1.1 टक्के आणि कॅल्शियम जेमतेम 0.13. सगळं मिळवलं की 100 किलोत फॉस्फरस होतो जवळपास 580 ग्रॅम आणि कॅल्शियम फक्त 90 ग्रॅम. आता कोकराच्या पोटात नुसता खुराक जात नाही, कडबा पण जातो, तर समजा 60 भाग खुराक आणि 40 भाग कडबा. कडब्यात कॅल्शियम 0.35 आणि फॉस्फरस 0.1 धरा. तरी एकूण हिशोब येतो 195 ग्रॅम कॅल्शियमला 390 ग्रॅम फॉस्फरस. पाहिजे 2 ला 1, म्हणजे कॅल्शियम दुप्पट, आणि तुमच्याकडं बरोबर उलटं झालंय, फॉस्फरस दुप्पट. हे आकडे मालाच्या प्रतीप्रमाणं थोडे इकडंतिकडं होतील पण चित्र बदलत नाही.

आता त्या फॉस्फरसचं होतं काय ते नीट समजून घ्या, कारण इथंच सगळी मेख आहे. मेंढी रवंथ करते तेव्हा लाळेतून भरपूर फॉस्फरस परत पोटात येतो आणि जादाचा लेंडीवाटे निघून जातो, लघवीत फार थोडा उतरतो. पण खुराक वाढला, भरडा बारीक असला आणि चघळायला वैरण कमी असली की रवंथ कमी, लाळ कमी, मग तोच फॉस्फरस लघवीवाटे बाहेर पडायला लागतो. लघवी अल्कलाईन असेल, आणि मेंढीची असतेच, तर त्यात मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून बारीक रव्यासारखे खडे धरतात. मादीला त्रास होत नाही, तिची वाट आखूड आणि रुंद आहे. नराची वाट लांब, वळणाची, आणि टोकाला गांडुळासारखी बारीक नळी असते, तिथंच खडा अडकतो.

हे मरायच्या आधी ओळखता येतं, फक्त बघायची सवय पाहिजे. सकाळी कोकरं उठून उभी राहिली की नराच्या लिंगाजवळचे केस दोन बोटांत धरून चोळून बघा. चांगल्या कोकराचे केस ओले आणि मऊ लागतात. खडे धरायला लागलेल्या कोकराच्या केसांना पांढरट बारीक कण चिकटलेले असतात, बोटाला कचकच लागते. हे लक्षण कोकरू खाणं सोडायच्या कितीतरी आधी दिसायला लागतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कोकरू मागचे पाय ताणून उभं राहतं, शेपूट सारखी हलवतं, दात खातं, थेंब थेंब लघवी होते किंवा कोरडंच कण्हतं. लोकांना वाटतं पोटफुगी आहे, तेल पाजतात, आणि एक दिवस त्यातच जातो. कधी कधी मग अचानक कोकरू शांत होतं, दुखायचं थांबतं, आणि आपण म्हणतो बरं झालं, पण तेव्हा आतली पिशवी नाहीतर नळी फुटलेली असते, लघवी पोटात नाहीतर कातडीखाली उतरते आणि खालचं अंग सुजतं. मग ते वाचणं फार अवघड. ताणून उभं राहिल्याच्या पायरीवरच पशुवैद्यक डॉक्टरांना बोलवा, ती टोकाची नळी कापून बऱ्याच कोकरांची वाट मोकळी होते. ते काम घरी ब्लेड घेऊन करू नका.

तुमच्या उरलेल्या 38 कोकरांसाठी आजपासून काय करायचं ते सांगतो. कोंडा 25 वरून 10 वर आणा. मका 55 राहू द्या. तूर चुनी 10 घाला. पेंड एकूण 25 करा पण सगळी सरकीची नको, 15 सरकी आणि 10 शेंगदाणा पेंड, म्हणजे प्रोटीन पण सुधारेल, कारण तुमचं वजन अडकण्यात प्रोटीनचा पण हात आहे, नुसत्या कडब्यात 4 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि वाढत्या कोकराला एकूण खाण्यात 13-14 तरी पाहिजे. ह्या 100 किलोत 2 किलो कॅल्साइट पावडर, म्हणजे चुनखडीची बारीक भुकटी, आणि 1 किलो साधं मीठ. वैरणीत कडब्याच्या जोडीला कोकरामागं रोज पाव ते अर्धा किलो हिरवी लसूण घास किंवा शेवरी. एवढं केलं की घास न धरता सुद्धा कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण 1.9 ला 1 च्या जवळ जातं. खर्च म्हणाल तर कॅल्साइट ही सगळ्या खुराकातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. आणि हा बदल एका दिवसात नको, 8-10 दिवसांत हळूहळू करा, नाहीतर पोट बिघडेल.

एक मोठी गल्लत इथं होते ती म्हणजे डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट. दुकानात जाऊन कॅल्शियम द्या म्हणलं की डीसीपीची पिशवी हातात पडते, आणि त्यात कॅल्शियम असतं खरं, 23 टक्क्यांच्या आसपास, पण फॉस्फरस पण 18 टक्के असतो. तुमच्या कोकरांना आधीच फॉस्फरस डोईजड झालाय त्यात अजून 18 टक्क्यांचा माल टाकायचा म्हणजे खडे वाढवायचे. डीसीपी वाईट नाही, पण ती रानात चरणाऱ्या मेंढीसाठी आहे, दाण्यावर बांधलेल्या नरासाठी नाही.

आणि ह्यातच आपल्या भागातली खरी अडचण आहे. सोलापूरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम मायंदाळ आहे पण पिकाला लागू होणारा फॉस्फरस कमी, झिंक पण कमी. त्यामुळं माळावर चरणारी मेंढी फॉस्फरसला तरसलेली असते, हाडं चघळते, माती चाटते, चिंध्या खाते, हे प्रत्येक मेंढपाळाने बघितलंय. तिला फॉस्फरस दिला की फरक दिसतो. मग तोच अनुभव धरून आपण शेडमधल्या कोकराला पण तेच द्यायला जातो. पण दावणीला आलेल्या दिवसापासून त्या कोकराचं खाणं पार उलटं झालेलं असतं. माळावरच्या मेंढीला जे औषध तेच शेडमधल्या कोकराला विष, हे डोक्यात पक्कं बसवलं तर अर्धे त्रास होतच नाहीत.

तांब्याचं पण अगदी हेच आहे, आणि ते जास्त घातक आहे म्हणून त्यावर थोडं थांबतो. आपल्या अल्कलाईन जमिनीतल्या चाऱ्यात मॉलिब्डेनम नावाचं मिनरल जास्त उतरू शकतं, ते आणि सल्फर मिळून तांब्याला पोटातच बांधून टाकतात, त्यामुळं नुसत्या चराईवरच्या कळपात तांबं कमी पडू शकतं, गाभण मेंढीला कमी पडलं तर मागून लुळी, झोकांड्या खाणारी कोकरं जन्मतात. शेडमध्ये मात्र दाणा, पेंड आणि वरून गाईचं मिनरल मिक्स्चर. मेंढीचं लिव्हर तांबं साठवत जातं, गाईसारखं बाहेर टाकत नाही. मेंढीची गरज सगळ्या खाण्यात साधारण 7 ते 11 पीपीएम, म्हणजे किलोला तेवढे मिलिग्रॅम, आणि 25 च्या वर गेलं की धोका, मॉलिब्डेनम कमी असेल तर त्याच्या आधी सुद्धा. आता पिशवीवर वाचा. कॉपर 0.1 टक्के लिहिलं असेल तर एका किलोत 1 ग्रॅम झालं. ते 2 टक्क्यांनी खुराकात टाकलं तर खुराकाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम तांबं नुसतं मिक्स्चरचंच, आणि पेंड, मका, कोंडा ह्यांचं स्वतःचं वेगळं. तुम्ही लिहिलंय की सढळ हाताने देतोय, तेच आजपासून बंद करा. मेंढीचं, कॉपर नसलेलं किंवा अगदी कमी असलेलं मिक्स्चर मिळालं तर 1 टक्का द्या, नाही मिळालं तर कॅल्साइट, मीठ आणि हिरवी वैरण ह्यावर भागवा, पण गाईचं नको.

तांब्याची विषबाधा महिनोन्‌महिने दिसत नाही. कोकरू खातं, पितं, वजन धरतं. मग कुठंतरी ताण पडतो, लांबचा प्रवास, जोराचा पाऊस, एक दिवस उपाशी राहणं, आणि लिव्हरमधलं साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. सकाळी जाऊन बघावं तर कोकरू कोपऱ्यात मान टाकून उभं, खालची पापणी उलटून बघितली तर लाल नाही, हळदीसारखी पिवळी, आणि लघवी काळ्या चहासारखी. एक-दोन दिवसांत जातं. डॉक्टरांनी पोस्टमार्टेम केलं तर मूत्रपिंड काळं-निळं निघतं. त्यावर इलाज आहेत पण ते डॉक्टरांच्या हातचे, आणि एक कोकरू असं गेलं म्हणजे शेडमधल्या बाकीच्यांच्या लिव्हरमध्ये पण तेवढंच साठलंय असं धरून चाला.

आपल्या भागासाठी अजून एक. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा सगळीकडं डाळिंब आणि द्राक्ष. बागेवर बोर्डो मिश्रण पडतं, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदात तांबं असतं. डाळिंबावर तेल्या रोग आला की शेतकरी तांब्याची बुरशीनाशकं पुन्हा पुन्हा मारतो. मग बागेतलं गवत मेंढ्यांना चारायचं, छाटणीचा पाला आणून कोकरांपुढं टाकायचा, फुकटचा चारा म्हणून बरं वाटतं, पण प्रत्येक घासाबरोबर तांबं जातंय. फवारणी झालेल्या बागेतलं गवत आणि पाला, विशेषतः पाऊस पडून धुऊन गेला नसेल तर, मेंढीला देऊ नका. बागवाल्याला विचारा काय मारलंय आणि कधी. त्याला विचारायला संकोच करू नका, नुकसान तुमचं आहे. कोंबडीचं खत खुराकात मिसळायची पण एक टूम मध्ये निघाली होती, त्यात पण तांबं भरपूर असू शकतं, मेंढीला अजिबात नको.

आता मिनरलच्या बॅलन्सची दुसरी बाजू, जी आपल्याकडं फार कमी लोक बघतात. खाण्यातलं सोडियम आणि पोटॅशियम एका पारड्यात, क्लोराइड आणि सल्फर दुसऱ्या पारड्यात. पहिलं पारडं जड असलं तर रक्त आणि लघवी अल्कलीकडं झुकते, दुसरं जड असलं तर आम्लाकडं. हिरवा चारा, मळी, लसूण घास ह्यात पोटॅशियम भरपूर म्हणून ते पहिल्या बाजूला. मका आणि दाणा ह्यात पोटॅशियम कमी, म्हणून नुसत्या दाण्याचं रेशन जवळजवळ शून्यावर येऊन बसतं, आणि वरून दाणा पोटात आंबून आम्ल तयार करतो ते वेगळंच. म्हणून जास्त खुराकावरच्या कोकराला खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, 1 टक्का दिला की खाणं सुधारतं आणि वजन पण धरतं. उन्हाळ्यात तर जास्तच. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे 42-43 डिग्री साधी गोष्ट, कोकरू दिवसभर धापा टाकतं, धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि त्याची भरपाई करायला मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकतं, त्याच्याबरोबर सोडियम-पोटॅशियम पण जातं. रात्री गार झाल्यावर पोटातलं आम्ल थोपवायला मग शिल्लक काही राहत नाही.

पण सोड्याने लघवी अल्कलाईन होते आणि अल्कलाईन लघवीत ते रव्यासारखे खडे धरतात. म्हणून मुतखड्यावर उलटा उपाय सांगितला जातो, अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, एकूण खाण्याच्या अर्धा टक्का, 25 किलोच्या कोकराला दिवसाला 5 ग्रॅमच्या आसपास. त्याने लघवी आम्लाकडं जाते आणि खडे विरघळायला मदत होते. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो दोन्ही एकाच घमेल्यात टाकल्यावर. किलोभर खुराकात 10 ग्रॅम सोडा टाकला की बॅलन्स जवळपास 120 मिलिइक्विव्हॅलंटने (हा बॅलन्स मोजायचं माप) वर जातो, 5 ग्रॅम नवसागर टाकला की 93 ने खाली येतो. म्हणजे दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं, पैसे दोन्हीचे गेले, आणि कोकराला ना आम्लापासून आराम ना खड्यापासून. मी अशी रेशनं खूप ठिकाणी बघितलीत, एका ओळखीच्याने सोडा सांगितला म्हणून तो, दुसऱ्याने नवसागर सांगितला म्हणून तो पण. साधं मीठ मात्र ह्या बॅलन्सला हात लावत नाही, कारण त्यात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही सारखेच. ते फक्त पाणी जास्त प्यायला लावतं, लघवी पातळ करतं, आणि म्हणून मुतखड्यात सगळ्यात आधी मीठ आणि पाणी.

माझा सल्ला असा, की कॅल्शियम-फॉस्फरस आधी सरळ करा, मीठ आणि पाणी भरपूर ठेवा, हे झालं की बहुतेक शेडमध्ये नवसागराची गरजच पडत नाही आणि सोडा निर्धास्त देता येतो. तुमच्याकडं मात्र दोन दगावलेत, म्हणजे बाकीच्यांच्या मूत्राशयात पण कण असणार, म्हणून आत्ता 2-3 आठवडे सोडा बंद ठेवून नवसागर द्या, एकूण खुराक थोडा कमी करून वैरण वाढवा म्हणजे आम्लाचा त्रास होणार नाही, आणि मग नवसागर थांबवून सोडा सुरू करा. नवसागर सलग महिनोन्‌महिने देऊ नका, शरीर त्याला सरावतं, खाणं कमी होतं, हाडातलं कॅल्शियम लघवीवाटे जायला लागतं. आणि घ्यायचा तर फीड ग्रेडचाच घ्या, बाजारात कल्हईवाल्यांसाठी मिळणारा खडा जनावराला घालू नका. कडू असतो, मळीच्या पाण्यात मिसळला तर खातात. काम होतंय का बघायला मेडिकलमधून लघवीचा पीएच बघायच्या पट्ट्या आणा, सकाळी दोन-चार नरांची लघवी धरा, 6.5 च्या खाली आली म्हणजे लागू पडलं. 8 ला अडकली असेल तर मात्रा पोटात जात नाही किंवा कुठून तरी सोडा-मळी जास्त जातेय.

पाण्याबद्दल एक. आपल्या बोअरचं पाणी बऱ्याच गावांत खारट आणि जड आहे. ते पाणी तपासून घ्या, क्षार जास्त असतील तर खुराकातलं मीठ अर्ध्यावर आणा. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर ते पण दुसऱ्या पारड्यात मोजायचं आणि ते तांब्याला पण बांधतं. पाण्याची टाकी उन्हात नको, गरम पाणी कोकरू पीत नाही. टाकी आतून शेवाळलेली असेल तर मीठ कितीही घाला, काही उपयोग नाही.

उसाचे वाढे तुम्ही लिहिले नाहीत पण गाळप सुरू झालं की तुमच्याकडं येणारच, म्हणून सांगून ठेवतो, वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधतं. थोडे चालतात, पण मुख्य वैरण म्हणून नको, आणि दिलेच तर कॅल्साइट वाढवा. उलट कॅल्साइट वाट्टेल तेवढं घालणं पण बरोबर नाही, कॅल्शियम फार झालं की झिंक लागू होत नाही, लोकर गळते, कातडीला खपल्या धरतात, कोकरं एकमेकांची लोकर खातात. आणि नुसत्या लसूण घासावर ठेवलेल्या नरांना कॅल्शियमचेच खडे होतात, ते गोल, सोनेरी मण्यासारखे. म्हणून मेलेल्या कोकराचे खडे फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, खडा कशाचा आहे त्यावर उपाय ठरतो.

आता क्रॉसचं. तुम्ही दख्खनीवर माडग्याळ घेतलंय हे चांगलंच केलंय. माडग्याळ जत तालुक्यातली, आपल्याला लागून, हवा-पाणी तेच, उंच पायाची, पोपटासारख्या नाकाची, लोकर जवळपास नाही, आणि वाढ दख्खनीपेक्षा चांगली. दख्खनी काटक, रोगाला खंबीर, माळावर जगते, पण नुसत्या मटणासाठी शेडमध्ये धरली तर दिवसाला 80-120 ग्रॅमच्या पुढं क्वचित जाते. क्रॉसचं पहिलं कोकरू म्हणजे एफ-वन, आईबापाच्या सरासरीपेक्षा थोडं जास्त वाढतं, ह्याला हेटेरोसिस म्हणतात, वाढीत 5-10 टक्के फायदा, आणि कोकरं जगण्यात त्याहून जास्त. पण हा फायदा पहिल्याच पिढीत पूर्ण मिळतो. एफ-वनचाच नर ठेवून एफ-वनच्याच मादीला सोडला तर तो अर्ध्यावर येतो आणि कोकरं सगळी वेगवेगळ्या चणीची होतात, एक ह्या बाजूला एक त्या बाजूला. म्हणून क्रॉसचे सगळे नर सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात विका, बीज म्हणून एकही ठेवू नका, बाजारात कितीही देखणा दिसला तरी. मेंढा दरवेळी शुद्ध, बाहेरचा, वजनाची नोंद असलेल्या आईबापाचा.

जुळ्यांचा विषय वेगळा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला फेकबी नावाचा जुळी देणारा जीन दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, त्याने जुळी वाढतात हे खरं आहे आणि कामाचं आहे. पण जुळं कोकरू जन्मतः हलकं असतं, आईचं दूध दोघांत वाटलं जातं, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वेगळा खुराक लागतो आणि गाभण मेंढीच्या शेवटच्या दीड महिन्यात तिचं ताट नीट लागतं. ज्याच्याकडं मेंढीला गाभणपणात मूठभर दाणा मिळत नाही त्याने जुळ्यांच्या मागं लागू नये, एक धड कोकरू दोन मरतुकड्यांपेक्षा बरं.

आणि हे सगळं मिनरलशी जोडलेलं आहे, तेच मला मुख्य सांगायचंय. कोकरू जेवढं जोरात वाढणारं तेवढं ते जास्त खातं, तेवढा खुराक जास्त, तेवढी रेशनमधली चूक मोठी होऊन त्याच्या अंगात जाते. दख्खनी कोकरू दिवसाला 300 ग्रॅम खुराक खाऊन उलट्या प्रमाणावर सुद्धा तग धरून जातं कारण बाकीचं पोट ते वैरणीने भरतं. तुमचं माडग्याळ क्रॉस तेच रेशन 600 ग्रॅम खातंय. त्याला हाड पण लवकर बांधायचंय, म्हणजे कॅल्शियमची गरज पण जास्त. म्हणून तुमच्या शेजाऱ्याच्या दख्खनीला जे चाललं ते तुम्हाला नडलं, मेंढा वाईट म्हणून नाही. शिवाय जातीजातीत आतून पण फरक असतो. लघवीतून फॉस्फरस जास्त टाकायचा गुण काही वंशात पिढीजात असतो, आणि तांब्याचं तर परदेशात चांगलं अभ्यासलंय, टेक्सेल जातीची मेंढी तेच खाऊन स्कॉटिश ब्लॅकफेसपेक्षा खूप जास्त तांबं लिव्हरमध्ये साठवते आणि तिची क्रॉस कोकरं पण तशीच जातात. म्हणजे मेंढा बदलला की मिनरलची सहनशक्ती पण बदलते. नवीन रक्त आणलं की जुनं रेशन तसंच पुढं चालू ठेवायचं नाही.

डॉर्परचं विचारलंत. डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेत 1930 च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियन मिळवून तयार केलेली जात, मटणाला उत्तम, लोकर गळून जाते, कोरड्या मुलखात टिकते, ह्यात वाद नाही. पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आत्ता नको असं आहे. आपल्याकडं डॉर्पर म्हणून विकतात त्यातलं किती रक्त खरं डॉर्परचं हे कागदाशिवाय कळत नाही आणि भाव मात्र शुद्धाचा लावतात. दुसरं म्हणजे 25-28 किलोच्या दख्खनी मेंढीवर भारी खांद्याचा मेंढा घातला तर पहिलटकरणीला कोकरू अडायची भीती असते. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, आत्ताच्या क्रॉसच्या ताकदीएवढं सुद्धा तुमच्या रेशनमधून निघत नाहीये. माडग्याळ क्रॉस नीट खाण्यावर दिवसाला 130-150 ग्रॅम द्यायला पाहिजे. तिथपर्यंत आधी पोचा. ह्या बॅचची उरलेली 38 कोकरं दर 15 दिवसांनी, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर, कानातल्या बिल्ल्याचा नंबर घालून वहीत तोला. रेशन बदलल्यावर महिन्याने ग्रोथ कुठं येते ते बघा. नर-मादी वेगळं लिहा. 150 च्या आसपास स्थिर आलं आणि नरांचे केस चोळल्यावर बोटाला काही लागलं नाही, तर मग महूदच्या सरकारी मेंढी फार्मवर नाहीतर फलटणला जाऊन मेंढ्याबद्दल बोला, मोठ्या अंगाच्या 8-10 मेंढ्या निवडून तेवढ्यांवरच आधी करून बघा.

अजून एक राहिलं. खच्चीकरण. तीन महिन्यांच्या आत खच्ची केलेल्या नराची मूत्रनळी बारीकच राहते आणि मुतखडा त्यालाच आधी धरतो. ईदच्या बाजारासाठी धरत असाल तर खच्ची करूच नका, तसाही सबंध नर लवकर वाढतो. आणि खुराकावर चढवायच्या आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस आणि जंताचं औषध झालंय ना ते बघा, कारण मक्यावर धरलेली सगळ्यात चांगली, सगळ्यात जाड कोकरं आंत्रविषाराने रात्रीत जातात आणि लोक त्याचं खापर पण मिनरलवर फोडतात.